ओझेलाला सांगितलेली फिल्म

टर्की हिलच्या शाळेत जे शिकले, त्या सगळ्यांनी ओझेला टिपेटच्या हातच्या मक्याच्या कण्या खाल्लेल्या आहेत. शाळा भरायच्या आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसायची. पुढ्यात भलंमोठं पातेलं, हातात लांब दांड्याचा लाकडी डाव. कण्या बुडाला लागू नयेत म्हणून त्या सारख्या ढवळाव्या लागतात. ओझेला नुसत्या हाताने ढवळायची नाही. डाव उजवीकडे गेला की तिची कंबर डावीकडे जायची, डाव परतला की तीही परतायची, आणि मध्येच एक टाच जमिनीवर हलकी वाजायची. खिडकीबाहेर पोरं तिची नक्कल करायची. ते लक्षात आलं की ती ताठ उभी राहायची आणि डाव पातेल्याच्या काठावर आपटायची.

"कण्या बघायच्यात की खायच्यात?"

शाळांच्या कचेरीत मी हिशेब बघतो. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होईन. स्वयंपाकघरांचा शिधा माझ्याच सहीने जातो, त्यामुळे तेल आणि लोणी यांवरून ओझेलाशी माझं भांडण नेहमीचं होतं. पण शाळेतली ओळख ही नंतरची. आम्ही दोघं एकाच चर्चमध्ये वाढलो. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान.

तिला वाढवलं तिच्या आजीने. मामा हेस्टर म्हणायचे सगळे तिला. ओझेलाची आई लुव्हिनिया, ओझेला सहा वर्षांची असताना गेली. खडीच्या रस्त्यावर ट्रक उलटला. बाप त्याआधीच शिकागोला गेला होता, आणि आमच्याकडून शिकागोला गेलेला माणूस नाताळला परत येतो किंवा मग येतच नाही.

लुव्हिनियाचा एकच फोटो घरात होता. मामा हेस्टर गेली तेव्हा ओझेला पंधरा वर्षांची होती. म्हातारीने सांगून ठेवलं होतं, माझ्या पोरीचा फोटो माझ्या छातीवर ठेवून मला पुरा. शेजारच्या मिस टेम्पी म्हणाल्या, "अगं, तुला काय राहील मग?" पण मेलेल्या माणसाने मागितलेलं नाकारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ओझेलाने स्वतःच्या हाताने तो फोटो आजीच्या घडी घातलेल्या हातांखाली सरकवला आणि पेटीचं झाकण लागलं.

पुढे एकदा शिध्याची यादी तपासताना ती मला म्हणाली होती, "थर्मन, मला आईचा चेहरा आठवत नाही रे. मला फोटो आठवतो. आणि आता फोटोसुद्धा नीट आठवत नाही. टोपी होती की नव्हती?"

तिची आई गेली तेव्हा मीही नऊच वर्षांचा होतो. आमचं घर तळ्यापलीकडे होतं आणि माझे वडील इतके कडक की रविवारी शीळ घातली तरी कानाखाली बसायची.

आईचा चेहरा नव्हता, पण आईची शिकवण मात्र ओझेलाकडे भरपूर होती. ती सगळी मामा हेस्टरच्या तोंडून आलेली. तुझी आई नाचाच्या ठिकाणी कधी फिरकली नाही. तुझ्या आईच्या ओठी देवाच्या गाण्याशिवाय दुसरं गाणं आलं नाही. गिटार दिसली की तुझी आई रस्ता बदलायची. ओझेला त्याच वाटेने चालली. सप्टेंबरात आमच्याकडे बोकड भाजतात, बांबूची बासरी आणि ढोल घेऊन लोक धुळीत गोल गोल फिरतात, सगळा डोंगरभाग लोटतो. ओझेला त्या दिवशी घराची खिडकी लावून मटार सोलत बसायची. नवरा एमॉस चर्चचा दारवान, फार सज्जन आणि फार हळू बोलणारा माणूस. तोही आता नाही. मुलगा मेम्फिसला गाड्या दुरुस्त करतो. तो लहानपणी एकदा रेडिओवर ब्लूज, म्हणजे चर्चबाहेरची प्रेमाची आणि दुःखाची गाणी, ऐकताना सापडला, तेव्हा तिने रेडिओच उचलून कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवला होता.

"कोंबड्यांना चालतं का मग?" मी विचारलं होतं.

"त्यांना आत्मा नसतो," ओझेला म्हणाली. "आणि त्या दिवशी अंडीही कमी दिली त्यांनी."

मामा हेस्टरच्याच घरात ती अजून राहते. त्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर बाहेरून दोन मोठे खिळे आहेत, एक गुडघ्याच्या उंचीवर, एक डोक्याच्या. लहानपणी ओझेलाने विचारलं तेव्हा मामा हेस्टर म्हणाली, कपडे वाळत घालायचे आहेत. एकाखाली एक असलेल्या खिळ्यांवर कपडे कसे वाळत घालतात ते तिने सांगितलं नाही, आणि ओझेलाने पुन्हा विचारलं नाही. आमच्या भागात असे खिळे कशाचे हे कोणीही सांगेल. केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवून त्या दोन खिळ्यांत ताणायची, तिच्याखाली तपकिरीची बाटली सारायची, आणि दुसऱ्या बाटलीने तारेवर घासत वाजवायचं. सगळं घर गिटारीच्या पोटासारखं घुमतं. आमच्या गावचा नावाजलेला गिटारवाला सीफस रड अशाच भिंतीवर शिकला. सगळ्यांना माहीत होतं, पण ओझेलाला कोणी सांगितलं नाही. ज्या बाईची पोर गेली, तिने आपल्या पोरीबद्दल काही म्हटलं तर ते तसंच राहू द्यायचं.

दोन वर्षांपूर्वी ओझेलाचे डोळे गेले. रक्तातल्या साखरेने. आधी कडा गेल्या, मग मधलं. शाळेने तिला निरोप दिला तेव्हा केकवर काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं.

*

या वसंतात जोआना नावाची एक गोरी बाई चर्चच्या कचेरीत आली. शनिवार होता. मी चर्चचा डीकन, म्हणजे पास्टरला मदत करणारा सेवक, कचेरीत एकटाच होतो. तिचे वडील विद्यार्थी असताना एका मित्राबरोबर कॅमेरा घेऊन आमच्या गावात आले होते. एक उन्हाळा राहिले. सीफस रडवर, त्याच्या ब्लूजवर आणि त्या वेळच्या आमच्या लोकांच्या जगण्यावर त्यांनी फिल्म केली. ती कोणी घेतली नाही. डबे गॅरेजमध्ये पडून राहिले. वडील वारल्यावर हिने ते उघडले, कुठूनतरी साफ करून घेतले. डब्यावर फिल्मचं नाव नव्हतं, फक्त आमच्या गावाचं होतं.

"यातली माणसं कोण आहेत ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल का?"

तिने टेबलावर संगणक उघडला. मी चष्मा पुसला.

आमचं गाव होतं. गोऱ्या मालकाच्या कापसात खुरपणाऱ्या बायका, त्यांच्या डोक्यावरची फडकी, सीफसची खेचरं, डुक्कर सोलणारे पुरुष, तळ्यात बाप्तिस्मा घेणारी पोरं आणि त्यांना नाक दाबून बुडवणारा जुना पास्टर. त्या पोरांतलं एक मी असण्याची शक्यता आहे. मी थांबवून बघितलं नाही. सीफस ओट्यावर बसून गात होता. नदीने पूल नेला, बाई पलीकडे राहिली, आणि आता माशांना विचारतो तिची खुशाली, असं काहीसं गाणं होतं. मी त्याला म्हातारपणी ओळखत होतो. तरुण सीफसचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मग एका घराचं अंगण आलं. शनिवारची मासळीची पार्टी. भिंतीवर तार ताणलेली, खाली बाटली. ती भिंत मी ओळखली आणि माझा हात चष्म्याकडे गेला. मग एक बाई आली मधोमध. आवाज आला, "लुव्हिनिया!"

मी जोआनाला म्हटलं, "बाई, हे जरा परत लावा."

*

मी त्याच संध्याकाळी ओझेलाकडे गेलो. ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. डोळे गेल्यावर तिचा वेग उलट वाढला आहे.

"पायरी सांभाळ," ती म्हणाली. "तिसरी हलते. थर्मन ना तू?"

"कसं ओळखलंस?"

"तू पायरी चढायच्या आधी थांबतोस. सही करायच्या आधी थांबायचास तसा."

मी तिला फिल्मचं सांगितलं. मग म्हटलं, "ओझेला, त्यात तुझी आई आहे."

शेंगा सोलणारे हात थांबले.

"चेहरा दिसतो?"

"दिसतो."

"स्वच्छ?"

"स्वच्छ दिसतो."

"दोन वर्षं आधी का नाही आली ही बाई?" तिने वाडगं बाजूला ठेवलं. "काय करतेय ती?"

"लोकांत आहे. बरीच माणसं आहेत तिथे."

"मी विचारलं काय करतेय."

"फिल्म आहे गं. लोक येतात, जातात."

"थर्मन, तू तेलाचे डबे कमी पाठवायचास ना, तेव्हा अगदी असाच बोलायचास."

ती माझ्याकडे तोंड करून बसली होती, म्हणजे माझ्या आवाजाकडे.

"तू चर्चमध्ये ओळ देतोस," ती म्हणाली. "मला या फिल्मची ओळ दे. जे दिसेल ते, जसं दिसेल तसं. गोड करू नकोस. मला साखर चालत नाही."

ओळ देणं ही आमच्या चर्चमधली जुनी रीत. पूर्वी गाण्यांची पुस्तकं नव्हती, आणि असती तरी वाचणारे नव्हते. म्हणून डीकन उभा राहून गाण्याची एक ओळ सांगतो, आणि सगळे ती उचलतात, लांबवतात, वळवतात, जिकडे न्यायची तिकडे नेतात. ती संपत आली की डीकन पुढची देतो. आता पुस्तकं आहेत, पडदाही आहे, पण जुनी गाणी आम्ही तशीच म्हणतो. ओळ देणाऱ्याला आवाज चांगला लागत नाही. त्याने ओळ बरोबर दिली पाहिजे, एवढंच. बाकीचं लोक करतात.

"देईन," मी म्हटलं.

*

जोआनाला फिल्म गावालाच आधी दाखवायची होती. पास्टर बेल तरुण आहेत, जॅक्सन शहरात शिकलेले. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दाखवायला त्यांची हरकत नव्हती. हरकत घेतली मिस टेम्पींनी. मिस टेम्पी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. पांढरा पोशाख घालून पहिल्या बाकावर बसतात, आणि प्रवचन लांबलं की काठी जमिनीवर टेकवतात. पास्टर बदलले, काठी तीच आहे.

त्यांनी मला रविवारी दारातच अडवलं.

"लुव्हिनिया आहे त्यात?"

"आहे, मिस टेम्पी."

"नाचतेय?"

"हो."

"मग बंद कर ते."

"माझ्या हातात नाही. आणि ओझेलाला यायचंय."

त्यांनी माझी बाही धरून मला कोटांच्या खुंट्यांपाशी नेलं. "तू तेव्हा पोर होतास. हेस्टरच्या अंगणात लोक मासे खायला यायचे असं तुला वाटतं? मासे काय, कुठेही मिळतात. लोक लुव्हिनियाला बघायला यायचे. हेस्टरच तिला पुढे ढकलायची. त्या शेवटच्या दिवशी लुव्हिनियाचं अंग मोडून आलं होतं, तिला जायचं नव्हतं त्या दुसऱ्या गावच्या पार्टीला. हेस्टर म्हणाली, जा, सीफसला शब्द दिलाय. परत येताना ट्रक उलटला." त्या थांबल्या. "पुरून आल्यावर हेस्टरने पक्कड घेतली आणि भिंतीवरची तार ओढून काढली. मी तिथे उभी होते. खिळे निघाले नाहीत, तर रडायला लागली. मरताना माझा हात धरून म्हणाली, टेम्पी, माझ्या नातीला हे कळू देऊ नकोस. मी शब्द दिलाय, थर्मन."

"मी पण दिलाय," मी म्हटलं.

"तुझा कालचा आहे. माझा किती जुना आहे बघ." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सांग तिला की आई मासे वाढतेय. तिला काय दिसणार आहे?"

"मिस टेम्पी, हॉलमध्ये शंभर माणसं असतील."

"त्यांचं मी बघते."

आणि त्यांनी बघितलं. त्या आठवड्यात त्यांनी फोन केले, बाकाबाकावर जाऊन कुजबुजल्या. आमच्याकडे मिस टेम्पींचा शब्द मोडणं म्हणजे स्वतःच्या मयताला कोणी येणार नाही याची सोय करणं.

*

पुढच्या रविवारी उपासनेनंतर हॉलच्या खिडक्यांवर टेबलांची कापडं लावली. कोंबडी, पालेभाजी, रताळ्याची गोड पाई असं सगळं मागच्या टेबलावर झाकून ठेवलं होतं, कारण पास्टरना माहीत होतं की आधी जेवू घातलं तर निम्मे लोक झोपतील. ओझेला निळा पोशाख आणि इस्टरची टोपी घालून पुढे बसली. तिच्या एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला, कोणी न सांगता, मिस टेम्पी.

फिल्म सुरू झाली. मी ओळ देऊ लागलो.

"कापसाचं शेत. बायका खुरपतायत."

"कोणाचं शेत?" ओझेलाने विचारलं.

"तळ्याकडचं," मागून तीन-चार आवाज आले. लगेच कोणीतरी ओरडलं, "अगं, तो माझा बाप! बाई गं, केवढे केस होते त्याला!"

"तुझ्या बापाला केस होते?"

"बघ ना डोळ्यांनी!"

"थर्मन," ओझेला म्हणाली, "खरंच होते?"

"होते. टोपीत मावत नाहीत एवढे."

हॉल हसला. मग सगळेच मदतीला आले. मी खेचर म्हटलं की खेचराचं नाव मागून येई आणि ते कोणाकोणाला चावलं तेही. बाप्तिस्मा आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, "तो रडका पोरगा थर्मन आहे," आणि मला तीही ओळ द्यावी लागली. सीफस गायला लागला तेव्हा मात्र सगळे शांत झाले. ओझेला मान थोडी वाकडी करून ऐकत होती. तिने घरात कधी येऊ न दिलेलं गाणं ते. गाणं संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्याला पूल मिळायला पाहिजे होता."

मग अंगण आलं. मिस टेम्पींची काठी जमिनीवर टेकली. सगळ्या हॉलने ऐकलं.

"घर," मी म्हटलं. "अंगणात माणसं."

"कोणाचं घर?"

मागून एकही आवाज आला नाही.

"तुझं," मी म्हटलं. "मामा हेस्टरचं. उत्तरेची भिंत. तिच्यावर तार ताणलेली आहे, एक माणूस वाजवतोय."

ओझेलाचे हात मांडीवर होते. तिने एक तळवा वर, एक खाली असा धरला, जणू त्या दोन खिळ्यांमधलं अंतर मोजते आहे. "कपडे वाळत घालायचे," ती हळूच म्हणाली. "पुढे?"

"एक बाई मासे तळतेय. तोंडात पाईप आहे."

"कोण?"

मिस टेम्पींचा हात ओझेलाच्या पाठीमागून आला आणि त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं.

मी उत्तर द्यायच्या आधी फिल्मनेच दिलं. तळणाऱ्या बाईने पाईप तोंडातून काढला आणि खणखणीत आवाजात ओरडली, "चल गं लुव्हिनिया! दाखव यांना!"

तो आवाज ओझेलाने पंधरा वर्षं ऐकला होता. जेवायला हाक मारणारा, पाठांतर घेणारा, गिटारीला शिव्या देणारा. ती खुर्चीत पुढे झाली.

"मामा हेस्टर," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काय दाखव?"

मी पडद्याकडे बघितलं. तिला मासे वाढणारी आई देता आली असती. एवढ्या माणसांत कोणी खोडून काढलं नसतं. पण तिने माझ्याकडे ओळ मागितली होती.

"लुव्हिनिया नाचतेय," मी म्हटलं.

ओळ दिली की लोकांनी ती उचलायची असते. चुकीची दिली तरी उचलतात आणि वाटेत सुधारून घेतात. दिलेली ओळ कोणीच न उचलणं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. त्या दिवशी कोणी उचलली नाही. ओझेला वाट बघत होती.

मी पुन्हा दिली. या वेळी उभा राहून, चर्चमध्ये देतो तशी लांबवून. "लुव्हिनिया... नाचतेय..."

आणि ओझेलाच्या पलीकडच्या खुर्चीतून एक पिचलेला म्हातारा आवाज निघाला. "नाचतेय..." मिस टेम्पी. डोळे मिटलेले. त्यांनी तो शब्द जुन्या गाण्यासारखा वर नेला, तिथे थोडा थांबवला आणि खाली आणला. मग मागून दुसरा आवाज, मग आणखी, मग सगळा हॉल. "नाचतेय... नाचतेय..." पास्टर बेलसुद्धा.

तोवर फिल्म पुढे गेली होती. जोआनाने न सांगता ती मागे नेली आणि अंगण परत आणलं.

"चेहरा सांग," ओझेला म्हणाली.

"टोपी नाही," मी म्हटलं. "केस मागे बांधलेले. कपाळ मोठं आहे. खालचा ओठ दातांखाली धरलाय, हसू आवरतेय असं वाटतं. लोकांकडे बघत नाही. खाली, स्वतःच्या पायांकडे बघतेय."

ओझेलाने स्वतःचा खालचा ओठ बोटांनी चाचपला.

"आणि नाच?"

"उजवीकडे जाते. मग डावीकडे. हात कमरेच्या जरा वर आहेत. मग परत उजवीकडे..."

"बंद कर तुझं ते!" मिस टेम्पी उठल्या. "बैठकीचा वृत्तांत वाचतोयस की काय? असं सांगतात लुव्हिनियाचं नाचणं?" त्यांनी काठी माझ्या हातात कोंबली. "धर. आणि तू, पोरी, ऊठ. इकडे आण हात."

त्यांनी ओझेलाचे दोन्ही हात घेतले आणि स्वतःच्या कमरेवर ठेवले. पांढऱ्या रविवारच्या पोशाखावर.

"मिस टेम्पी, पडाल," पास्टर म्हणाले.

"मी हिच्या आईबरोबर नाचलेय, तेव्हा तुमचा बाप पाळण्यात होता. बसा तुम्ही."

पडद्यावर तार घुमत होती. मिस टेम्पी नाचू लागल्या. फार थोडं, जागच्या जागी. गुडघे वाकत नव्हते, पण कंबरेला सगळं आठवत होतं. उजवीकडे, डावीकडे, आणि मध्ये टाचेचा एक हलका ठोका. ओझेला हात ठेवून उभी होती, मान वाकडी करून, गाणं ऐकत होती तशी.

"थांबा," ती म्हणाली. "पुन्हा करा."

मिस टेम्पींनी पुन्हा केलं.

ओझेलाने हात काढून घेतले. ते पुढे धरले, एकावर एक, दांडा धरल्यासारखे, आणि हवेत गोल फिरवले. हात उजवीकडे गेले, कंबर डावीकडे. टाच वाजली.

"हे तर मी कण्यांना करते," ती म्हणाली.

"मग तुला काय वाटलं?" मिस टेम्पी धापा टाकत म्हणाल्या. "सगळी वर्षं शाळेच्या खिडकीसमोरून मान खाली घालून का जात होते मी? रोज सकाळी लुव्हिनिया उभी असायची तिथे."

ओझेला हसायला लागली. खालचा ओठ दातांखाली धरून. मग ते हसणं रडण्याकडे वळलं आणि तिने मिस टेम्पींना धरलं, की मिस टेम्पींनी तिला, ते सांगता येणार नाही. मी काठी घेऊन उभा होतो. पुढे कोणती ओळ द्यावी हे मला कळेना, आणि कोणी मागितलीही नाही.

थोड्या वेळाने मिस टेम्पी म्हणाल्या, "हेस्टर तुझ्याशी खोटं का बोलली ते मी तुला सांगते. पण इथे नाही. आणि रिकाम्या पोटी नाही."

त्या दोघी मागच्या टेबलापाशी जाऊन बसल्या. बराच वेळ एक बोलत होती, एक ऐकत होती. जेवण गार झालं. शेवटी ओझेला एकच वाक्य बोललेली मला ऐकू आली. "म्हातारीने ते ओझं एकटीनेच वाहिलं, मिस टेम्पी."

*

मे महिन्यात चर्चमध्ये पुरुषांचा न्याहारीचा दिवस असतो. नाव पुरुषांचं, स्वयंपाक बायकांचा. ओझेला म्हणाली, कण्या मी करणार. लोकांनी चुलीचं, वाफेचं, हात भाजण्याचं काढलं. ती म्हणाली, कण्या कधी लागतात ते डोळ्यांना नाही, डावाला कळतं.

मी कागदी थाळ्या घेऊन आत गेलो तेव्हा ती पातेल्यापाशी उभी होती. दार उघडं होतं, बाहेर रांग लागली होती आणि रांगेतल्या सगळ्यांना ती दिसत होती. ती ताठ झाली नाही. शेजारी खुर्ची टाकून मिस टेम्पी बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी.

"डावीकडे जरा जास्त," मिस टेम्पी म्हणाल्या. "लुव्हिनिया डावीकडे जास्त जायची."

"मिस टेम्पी, मी कण्या करू की नाच करू?"

"दोन्ही एकदम कर. तुझ्या आईला जमलं असतं."

"आईला कण्या यायच्या?"

"छे," मिस टेम्पी म्हणाल्या. "नेहमी बुडाला लागायच्या."